मला ऐकू येऊन राह्यलं

माझं भाषण रेडिओवर लागायचं होतं त्या दिवशी सकाळी जाग आल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज देशातलं कुणीतरी मोठं माणूस जावं. म्हणजे दिवसभर सारंगी लागेल आणि ठरलेले सगळे कार्यक्रम रद्द होतील. अजून चहासुद्धा व्हायचा होता आणि मी इतका खाली उतरलो होतो. वीज जाऊन उपयोग नव्हता. बहिणीचा रेडिओ सेलवर चालतो.

मी धावड्याला होतो, या बहिणीच्या घरी. गेल्या जानेवारीतला रविवार. अंगणातली शेकोटी विझली होती, पण राख कोमट होती, आणि तिच्याकडे पाय करून दाजी बसले होते. दाजी म्हणजे माझे मेहुणे. कानांवरून मफलर गुंडाळलेला, म्हणून त्यांना ऐकू कमी येत होतं; त्यांना ऐकू कमी येत होतं म्हणून रेडिओचा आवाज मोठा होता; आणि रेडिओचा आवाज मोठा म्हणून सगळ्या गल्लीला फुकटात चिंतन मिळत होतं. चिंतन हा सकाळचा पहिला कार्यक्रम. कुणी एक गृहस्थ अहंकार कसा सोडावा ते सांगत होते. आवाज असा लावलेला, की अहंकार सोडण्यात जिल्ह्यात पहिला नंबर त्यांचाच आला असावा.

"बिलकुल बराबर बोल्ला," दाजी म्हणाले.

"काय बोल्ला?" चुलीपासून अक्कानं विचारलं.

"ते न्हाई कळलं. पन बोल्ला दमात."

अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई शेतात जायची तेव्हा मी तिच्या कडेवर असायचो, त्यामुळे बोलायला शिकलो तो तिच्याच तोंडून. माझा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'न्हाई' होता, असं ती अजून चारचौघांत सांगते. पुढं मी भोकरदनला शिकलो, संभाजीनगरला नोकरीला लागलो, पुस्तकं वाचली, लेख लिहायला लागलो, आणि या प्रवासात कुठल्या तरी स्टँडवर माझ्या 'न्हाई'तल्या 'ह'नं सीट बदलली. तो 'नाही'त जाऊन ताठ बसला. कुणी उठवलं नाही, कुणी हटकलं नाही. मलाही कळलं ते फार उशिरा.

रेडिओ या घरात आला तो अक्काच्या डोळ्यांमुळे. त्याआधीच्या हिवाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं आधीपासूनच धूसर. दाजींनी मला फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. मी ऑफिसात होतो. ती म्हणाली, "बारक्या, मला दिसून न्हाई राह्यलं, पन तू फिकर नको करू. मला ऐकू येऊन राह्यलं."

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. आमच्या घरात या दोन गोष्टी एकदमच येतात. डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बंद सांगितला, म्हणून दाजी राजूरला गणपतीला गेले तेव्हा तिथल्या दुकानातून हा छोटा रेडिओ घेऊन आले. पट्टी सुटली, टीव्ही पुन्हा सुरू झाला, पण अक्का रेडिओला चिकटली ती चिकटलीच. "टीव्हीकडं बघत बसावं लागतं," ती म्हणते. "रेडिओ काम करू देतो."

आणि मी काय केलं, तर तिचं ते वाक्य रेडिओलाच दिलं.

डिसेंबरात केंद्रावरून बोलावणं आलं. विषय त्यांनीच ठरवलेला : 'आपली बोली : वैभव आणि वारसा'. अशा मथळ्यांना मी आजवर हसत आलो आहे. वैभव आणि वारसा हे दोन शब्द ज्या गोष्टीला लागतात ती गोष्ट एकतर मेलेली असते किंवा तिचं उद्घाटन असतं. तरी मी होकार दिला, आणि देताना आवाज जरा खर्जात नेला. रेकॉर्डिंगला काचेच्या अलीकडे मी एकटा, पलीकडे कार्यक्रमाचं काम बघणाऱ्या बाई आणि त्यांचे सहकारी. निम्मं भाषण झाल्यावर बाईंचा आवाज कानातल्या यंत्रातून आला, "सर, छानच आहे, पण थोडं कोरडं होतंय. एखादा नमुना द्या ना, आवाज काढून."

मी आवाज काढला. "आमच्याकडं एक निरक्षर म्हातारी होती," असं म्हणालो, आणि अक्काचं वाक्य बोळक्या तोंडानं, हेल काढून, शेवटचा शब्द लांबवून म्हटलं. हसणारी माणसं काचेपलीकडे असली की त्यांचा आवाज येत नाही, नुसते दात दिसतात. ते दात बघून मी वाक्य पुन्हा म्हटलं, अजून लांबवून. मग त्यावर व्याकरण सांगितलं, की पाहा, इथे क्रियापदाची कशी गंमत होते.

अक्का निरक्षर नाही. सातवी पास आहे. पेपर आधी ती वाचते, जाहीर नोटिसांसकट, आणि मग तो दाजींना मिळतो. दातही तिचे माझ्यापेक्षा बरे आहेत. गंमत व्हावी म्हणून मी तिची शाळा काढली, दात काढले, वर 'होती' म्हणून तिला भूतकाळात घातलं. घरी येताना बसमध्ये मला हे जाणवलं, पण 'कापतील ते वाक्य' असं स्वतःला समजावलं. कापलं नव्हतं. बाईंनी आवर्जून कळवलं, की तोच भाग सगळ्यांना फार आवडला.

म्हणून मी आदल्या दिवशीच धावड्याला गेलो होतो, तिला आधी सांगून टाकायला. रात्री जमलं नाही. सकाळी ती भाकरी थापत होती तेव्हा सुरुवात केली.

"अक्का, त्या भाषणात मी तुझं एक वाक्य घेतलंय."

थापणारा हात थांबला. "माहं?"

"हो. दवाखान्यातलं. पण ते जरा..."

"आवो, ऐकलं का! मी रेडिओवर येऊन राह्यले!"

"कामून?" अंगणातून दाजी.

"कामून म्हंजे? बारक्यानं माहं बोलनं टाकलं त्यात."

"मंग गेला रेडिओ," दाजी म्हणाले. "एवढासा डबा हाय तो. तुहा आवाज कुठं मावतो त्यात?"

माझ्या तोंडात 'पण ते जरा' होतं, ते संध्याकाळपर्यंत तिथंच राहिलं. तिनं पिठाचे हात तसेच घेऊन भिंतीवरून शेजारणीला हाक मारली. शेजारणीनं पुढच्या घराला सांगितलं. दिवस कासराभर वर येईपर्यंत आमच्या गल्लीत माहीत नसलेला एकच माणूस उरला असेल, आणि तो बहुधा परगावी गेलेला असेल. मी वेळ संध्याकाळची आहे असं पुन्हा पुन्हा सांगितलं. अक्काचा रेडिओवाल्यांवर विश्वास नव्हता. "आधीच लावलं मंग? राहू दे चालू."

त्यामुळे त्या दिवशी जे जे लागलं ते ते आम्ही ऐकलं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात एक तज्ज्ञ हरभऱ्यावरच्या घाटे अळीबद्दल सांगत होते. शेतात जागोजागी पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात, पक्षी अळ्या खातात.

"आमच्याकडली पाखरं येतेत," दाजी रेडिओला म्हणाले, "काठीवर बसतेत, आन् हरभराच खातेत. त्याह्यला कुनी सांगितलंच न्हाई अळीचं."

"तुमीच सांगा की जाऊन," अक्का म्हणाली.

महिलांच्या कार्यक्रमात हिवाळ्यातली त्वचेची निगा होती. कोमल आवाजाच्या एका ताईंनी सांगितलं, की टाचांना रोज दुधाची साय चोळावी. अक्कानं उन्हात पसरलेल्या आपल्या टाचांकडे बघितलं. काळ्या रानासारख्या भेगा. "साय पायाला लावली तर चहाला काय लावू?" ती म्हणाली, आणि पुढची तुरीची शेंग सोलली. मीही तिच्यासमोर बसून शेंगा सोलत होतो. कामात हात असले की तोंडाकडे कुणी बघत नाही.

मग श्रुतिका लागली. खेड्यातलं कुटुंब. "आवं कारभारी, म्या काय म्हनते..." अशी एक बाई सुरू झाली ती थांबेचना. तोवर शेजारीण येऊन बसली होती. तिनं विचारलं, "ही कुठली मानसं म्हनायची, अक्का?"

"रेडिओतल्या खेड्यातली."

"ते कुठं आलं?"

"कुठंच न्हाई. तिथं समदे हेल काढून बोलतेत आन् कुनाला काम नसतंय." अक्का हसायला लागली. "शेरातली मानसं आपल्यावानी बोलाया गेली की कशी बोलतेत, बघितलं का? तोंडात बोरं धरल्यावानी."

शेजारीण हसली, दाजी हसले. मी हातातली शेंग फार काळजीपूर्वक सोलली. तिच्यात एकही दाणा नव्हता.

"आमच्या बारक्याचं तसं न्हाई," अक्का म्हणाली. "ह्यो इथलाच हाय."

रेडिओवाले प्रसारणाच्या एका सत्राला 'सभा' म्हणतात. एवढ्या मोठ्या शब्दानं सुरू होणारी गोष्ट दुपारी आपोआप बरखास्त होते. सभा संपली, दाजी खाटेवर आडवे झाले, अक्का शेजारणीच्या घरी गेली. धावडा डोंगराच्या कडेला, आवाज नीट यायचा नाही, म्हणून दाजींनी रेडिओच्या एरियलच्या काडीला एक तार बांधून ती वर कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला जोडली होती. मी ओसरीतला स्टूल घेतला, वर चढलो आणि ती गाठ सोडली. हे मी केलं. वैभव आणि वारसा या विषयावर बोलून आलेल्या, पिकत्या केसांच्या माणसानं.

दुसरी सभा सुरू झाली ती खरखरीनं. एव्हाना अक्कानं लग्नाकार्याची जांभळी साडी नेसली होती. दाजी उठले, तार हातात घेतली. "उंदरानं तोडली काय की."

"उंदीर तोडतो," अक्का तारेचं टोक निरखत म्हणाली. "गाठ न्हाई सोडत." मग तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वाऱ्यानं सुटली असंल. बांधा जल्दी."

दाजींचा गुडघा वर्षभर दुखतोय. मी म्हटलं, मी चढतो. "राहू द्या पाव्हने, तुमी आज भाषनवाले," म्हणून ते स्वतःच स्टुलावर चढले. मी खाली स्टूल धरून उभा राहिलो. वर त्यांचा गुडघा थरथरत होता, आणि तो थरथरणारा गुडघा बरोबर माझ्या तोंडासमोर होता.

आवाज स्वच्छ यायला लागला. इतका स्वच्छ आवाज त्या रेडिओला आजवर आला नव्हता, असं शेजारीणही म्हणाली.

संध्याकाळी अंगण भरलं. मोठी माणसं सतरंजीवर, बायका ओट्यावर, लहान मुलं मिळेल तिथं. कुणी हुरडा आणला होता, अक्कानं सगळ्यांना चहा केला. रेडिओवर डॉक्टर होते, सर्दीवर फोनवरून प्रश्न घेत होते, आणि प्रत्येक फोनवाला आधी डॉक्टरांना त्यांची तब्येत विचारत होता. मग बाजारभाव, मग बातम्या. अक्का रेडिओशेजारी बसलेली, पदर खांद्यावरून घेतलेला, फोटो काढायला बसतात तशी. दर कार्यक्रम संपला की ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो, अजून नाही.

मग निवेदिकेनं माझं नाव घेतलं. पुढे 'ज्येष्ठ साहित्यिक आणि बोलीचे गाढे अभ्यासक'.

"काय म्हनली?" दाजी म्हणाले. "गाढे का गाढव? नीट आलं न्हाई."

"गप बसा वो!"

माझा आवाज सुरू झाला. तो सकाळच्या चिंतनवाल्या गृहस्थांसारखा होता. खर्ज तोच, थांबे तेच. मातीचा सुगंध आला, संस्कृतीची मुळं आली, आणि ओट्यावरच्या बायका देवळात बसावं तशा गप्प झाल्या. एक म्हणाली, "काय बोलून राह्यला गं तुहा भाऊ?"

"गप," अक्का म्हणाली. "येईल आता माहं."

आणि ते आलं. "आमच्याकडं एक निरक्षर म्हातारी होती," रेडिओ म्हणाला, आणि मग ती म्हातारी बोलली. बोळकी, हेल काढणारी, एकदा आणि परत एकदा, दुसऱ्यांदा जास्त लांबवून. अंगण खदखदून हसलं. मुलं तर लगेच तशीच बोलायला लागली. दाजीही हसले, आणि मध्येच थांबले. अक्काही हसत होती. तिच्या हसण्याला जरा उशिरा कळलं. आधी डोळे थांबले, मग तोंड.

"आगं अक्का," शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "ती म्हातारी बराबर तुह्यावानीच बोल्ली की!"

मी जमिनीकडे बघत होतो.

"आपल्याकडल्या समद्या म्हाताऱ्या तशाच बोलतेत," अक्का म्हणाली.

"आन् तुहं कधी येतंय?"

"काटलं असंल. रेडिओत लई काटतेत. ठरलेल्या टायमात बसत न्हाई मंग." ती उठली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. रेडिओवर मी क्रियापदाची गंमत सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं. मुलं अंगणभर 'राह्यलंऽऽ, राह्यलंऽऽ' करत पळत होती.

लोक गेले. जाताना सगळ्यांनी मला नमस्कार केला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आपल्या गावचं नाव काढलं. दाजींनी रेडिओ आत नेऊन ठेवला आणि स्टूल जागेवर लावला.

जेवताना अक्कानं टोपलं पुढे केलं. "अजून एक भाकरी घे."

आमच्या घरात भाकरी कधीच नव्हती, भाकर होती. मी वर बघितलं. ती टोपल्याकडे बघत होती.

"नको, झालं," मी म्हणालो.

"न..." ती थांबली. शब्द तोंडात आला होता, तो तिनं आत फिरवला, तपासला आणि मग ठेवला, "नाही घेतली तर मला बरं वाटणार नाही."

दाजींचा घास हातात राहिला. मी भाकरी घेतली. मग मला वाटलं, हे आत्ताच्या आत्ता थांबवायला पाहिजे, आणि थांबवायचं तर तिच्या भाषेत. मी म्हणालो, "अक्का, माहं चुकलं. मी लई वंगाळ बोलून राह्यलो त्यात."

आणि ते माझ्या कानांवर पडलं. 'आवं कारभारी' म्हणणारी दुपारची ती बाई माझ्या तोंडून बोलत होती. तोंडात बोरं. चाळीसेक वर्षं न वापरलेली भाषा मी उचलली ती थेट स्टुडिओतून उचलली होती. अक्का हसली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "तू कशाला चुकशील? तू शिकलेला आहेस."

हे रागानं म्हटलेलं नव्हतं. त्यात टोमणाही मला सापडला नाही, आणि मी सापडतो का ते बघितलं होतं. टोमणा असता तर मी तो पोटभर खाल्ला असता. टोमण्यात ती मला कधीही भारी आहे. तिनं मला दोन शब्द सुनावले असते, मी खाली मान घातली असती, आणि सकाळी आम्ही पुन्हा शेंगा सोलल्या असत्या. पण तिला राग आलेला नव्हता. तिला पटलं होतं. माझ्यासारख्या माणसानं रेडिओवर, एवढ्या शुद्ध आवाजात, व्याकरणासकट सांगितलं होतं की तिचं बोलणं हसण्यासारखं आहे, आणि रेडिओवरचं ती नेहमी नीट ऐकते.

सकाळी ती मला बसपर्यंत सोडायला आली. थंडीत तोंडातून वाफ निघत होती. एरवी या वाटेवर तिचं तोंड बंद नसतं; कुणाचं पीक, कुणाची सून, कुणाचा खर्च. त्या दिवशी ती मोजून बोलली, परक्या घरात पाऊल टाकावं तशी. बस लागली तेव्हा म्हणाली, "पोचलास की फोन कर. मी वाट बघते." 'पोचला की जल्दी फोन कर, न्हाई केला तर बघ' हे तिचं नेहमीचं. तो 'बघ' ऐकल्याशिवाय मी धावड्यातून कधी निघालो नव्हतो.

त्यानंतर थंडी गेली, तूर गेली, उन्हाळा लागला. दर रविवारी मी फोन करतो. मी तिची किती वेळा क्षमा मागितली ते सांगण्यात अर्थ नाही. दर वेळी ती माझीच समजूत घालते, तीही प्रमाण भाषेत. मागच्या रविवारी फोन उचलला तेव्हा तिचं तोंड दुसरीकडे होतं. लांबून, मोठ्या आवाजात, ती दाजींना सांगत होती, "आवो, दार लोटा की! कुत्रं घुसून राह्यलं, दिसून न्हाई राह्यलं का तुमाला? जल्दी!" कुत्रं भुंकलं, दाजी काहीतरी बोलले, ती खळखळून हसली. मी फोन कानाला घट्ट धरून श्वास रोखून उभा होतो. अजून थोडा वेळ तिनं तिकडेच बोलावं.

मग फोन तोंडाशी आला. तिनं घसा साफ केला.

"हां, बोल," अक्का म्हणाली. "मी ऐकत आहे."